न भुंकणाऱ्या कुत्र्याला ‘बोल’ कसं शिकवावं

प्रश्न थोडक्यात असा: दीड वर्षाचा लॅब्राडोर, शांत स्वभावाचा, वर्षभरात मोजून चार-पाच वेळा भुंकला असेल. त्याला ‘बोल’ म्हटल्यावर भुंकायला शिकवायचंय, म्हणजे रात्री फिरताना जरा आधार वाटेल. महिनाभर हातात खाऊ धरून ‘बोल, बोल’ चाललंय. कुत्रा बसतो, पंजा देतो, आडवा होतो, लोळून दाखवतो आणि शेवटी उसासा टाकून निघून जातो. त्यात घरच्यांची धास्ती वेगळीच: एकदा शिकला की दिवसभर भुंकत बसेल.

ही धास्ती अगदीच खोटी नाही, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते. माझ्या पहिल्या कुत्रीला, एका टेरिअर मिक्सला, मी हे दोन दिवसांत शिकवलं होतं. फार अभिमान वाटला. पाहुणे आले की ‘बोल’ म्हणायचं, ती भुंकायची, सगळे हसायचे, कुणीतरी तिला बिस्किट द्यायचं. आठवड्याभरात ती माझ्या चहाच्या कपासमोर उभी राहून भुंकायला लागली. मग फोनवर बोलताना. मग पहाटे पाच वाजता, पलंगाच्या कडेला, थेट माझ्या कानात. तिचं काही चुकत नव्हतं. ‘भुंकलं की मिळतं’ हे मी तिला शिकवलं होतं. ‘सांगितल्यावर भुंकलं तरच मिळतं’ हा अर्धा भाग शिकवायचा राहून गेला होता. ती सवय मोडायला मला तीन महिने लागले. त्यातला पहिला आठवडा तर भुंकणं आणखी वाढलं, कारण मिळकत अचानक बंद झाली की कुठलाही प्राणी आधी जोर वाढवून बघतो. लिफ्ट येत नाही म्हटल्यावर आपण बटण दहादा दाबतो, तसंच.

म्हणून पुढे जे सांगणार आहे त्यात भुंकायला लावण्याइतकीच जागा ‘गप’ला आहे. ‘आधी भुंकू दे, गप नंतर बघू’ असं मनात असेल तर सुरूच करू नका.

आता तुमचा कुत्रा का भुंकत नाही? ‘बोल’ या शब्दाला त्याच्या लेखी काहीच अर्थ नाही. तो तुमच्या हातातला खाऊ बघतो आणि आजवर ज्या-ज्या गोष्टींवर खाऊ मिळाला त्या ओळीने करून दाखवतो. बसणं, पंजा, आडवं होणं ही त्याची चालती नाणी आहेत. बसवताना खाऊ नाकावरून मागे नेता येतो, आडवं करताना जमिनीकडे नेता येतो. भुंकणं असं खाऊच्या मागे ओढून काढता येत नाही. ते आपसूक घडावं लागतं, घडलं की पकडावं लागतं आणि मग त्याला नाव द्यावं लागतं. तुम्ही नाव आधी दिलंत आणि कृतीची वाट बघत बसलात. तसं करणारे तुम्ही एकटे नाही, माझ्याकडे येणाऱ्या दहातले आठजण हेच करून आलेले असतात.

तेव्हा पहिला आठवडा काही शिकवू नका, फक्त टिपून ठेवा. ते चार-पाच वेळा कशावर भुंकला होता? बेल वाजली म्हणून? चेंडू सोफ्याखाली गेला म्हणून? दुसरा कुत्रा खेळायला बोलावूनही उठेना म्हणून? तुम्ही जेवणाचं भांडं हातात घेऊन फोन घ्यायला थांबलात म्हणून? भुंकणंच नव्हे, त्याच्या आधीचे आवाजही लिहा: कुं-कुं, घशातली गुरगुर, शिंकेसारखा ‘फ्फ’, तोंड मिटूनच केलेला ‘वुफ’. तुमच्या कुत्र्याच्या बाबतीत बहुधा याच चिल्लर आवाजांतून पुढचं काम उभं राहणार आहे.

ही यादी हातात आली की निवड करायची, आणि इथे माझं मत ठाम आहे. सगळं भुंकणं एक नसतं. प्राण्यांच्या वागण्याच्या अभ्यासक सोफिया यिन आणि ब्रेंडा मकोवन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १० कुत्र्यांची साडेचार हजारांवर भुंकणी ध्वनिमुद्रित करून तपासली होती. तीन प्रसंग घेतले होते: अनोळखी माणसाने बेल वाजवणं, कुत्र्याला एकट्याला बाहेर कोंडणं आणि खेळ. बेलवरचं भुंकणं खालच्या पट्टीतलं, खरखरीत आणि एकसुरी निघालं. खेळातलं आणि एकटेपणातलं वरच्या पट्टीतलं, चढउतार असलेलं. कान दिलात तर हा फरक घरीही ऐकू येतो. आपल्याला हवंय ते खेळातलं किंवा ‘अरे दे ना लवकर’वालं भुंकणं. अंग सैल, शेपूट हलतेय, पुढचे पाय नाचतायत, तोंड उघडं, भुंकून झालं की नजर परत तुमच्याकडे.

‘मित्राला अंधारात उभं करतो, तो पुढे आला की कुत्रा भुंकेल’ हा सल्ला तुम्हाला कुणीतरी देणारच, रात्री फिरण्याचा विषय आहे म्हटल्यावर नक्की. तो ऐकू नका. त्यातून भुंकणं निघेलही, पण निघेल ते भीतीतून, आणि दर सरावाला अनोळखी माणसाबद्दलची भीती पक्की होत जाईल. असे कुत्रे माझ्याकडे वर्षभराने येतात, तेव्हा प्रश्न ‘भुंकत नाही’ हा नसतो, ‘चावला’ हा असतो. अंधारातल्या माणसाला तुमचा लॅब्राडोर रागाने भुंकतोय की चेंडूसाठी, हे कळत नाही. त्याला फक्त मोठा आवाज ऐकू येतो. तुमचं काम तेवढ्यावर भागतं.

पद्धत मी शक्यतो एकच वापरते: थोडीशी अडवणूक. कुत्र्याला हार्नेस (छाती-पाठीभोवतीचा पट्टा) घाला, गळ्यातला पट्टा नको, कारण तो पुढे झेपावणार आहे. दोरी जड टेबलाच्या पायाला बांधा. त्याला सगळ्यात आवडणारी वस्तू घ्या. लॅब्राडोर म्हणजे बहुतेक चेंडू, नाहीतर उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे. दोन मिनिटं त्याच्याशी मनसोक्त खेळा. मग वस्तू घेऊन त्याच्या आवाक्याच्या हातभर पलीकडे उभे राहा. वस्तू जमिनीवर टप्पा मारून उचला, पाठीमागे लपवा, पुन्हा दाखवा. तोंडाने काही बोलू नका. ‘बोल’ तर नाहीच.

मागे असाच एक मुखदुर्बळ लॅब्राडोर माझ्याकडे आला होता, त्याचं पहिलं सत्र अजून डोळ्यांसमोर आहे. पहिलं मिनिट तो बसून राहिला, शहाण्या मुलासारखा. मी चेंडू उडवला, झेलला. त्याने पंजा दिला. मी बघितलंच नाही असं केलं. तो आडवा झाला, उठला, गोल फिरला. जीभ नाकावरून फिरवली, मोठी जांभई दिली. (जांभई म्हणजे कंटाळा नव्हे, ताण चढतोय. त्यापुढे ताणायचं नाही.) मी एक पाऊल मागे गेले आणि चेंडू डोळ्यांपाशी धरून स्वतःच हुंगला. त्याचे कान पुढे आले, कपाळाला आठी पडली, छाती भरली, ओठ गोळा झाले आणि नाकातून आवाज आला, ‘फ्फ’. भुंकणं नव्हेच ते, मेणबत्ती विझवल्यासारखा. त्याच क्षणी मी ‘येस’ म्हटलं आणि चेंडू त्याच्या पायाशी टाकला. त्याच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य बघण्यासारखं होतं. चौथ्या फेरीला ‘फ्फ’ पाच सेकंदांत आला. त्या दिवशी तेवढ्यावर थांबलो. तिसऱ्या दिवशी ‘फ्फ’चा ‘वुफ’ झाला, पाचव्या दिवशी खणखणीत भुंकला आणि स्वतःच दचकून मागे बघायला लागला.

यातला ‘येस’ महत्त्वाचा, ‘हेच हवं होतं’ हे सांगणारी ती खूण. क्लिकर (दाबलं की टक वाजणारी छोटी डबी) असेल तर त्याचा टक, नसेल तर कुठलाही आखूड, एकाच सुरातला शब्द. आवाज निघाला की अर्ध्या सेकंदाच्या आत तो यायला हवा, खाऊ दोन सेकंदांनी पोचला तरी चालतं. भुंकला, मग तुम्ही खिशात हात घातलात, चाचपलंत, तुकडा काढलात, तोवर तो गप होऊन बसलेला असतो आणि पैसे बसण्याचे पोचतात. कबूल करते, सुरुवातीला ‘येस’ माझाही उशिरा पडायचा. एकदा मोबाइलवर चित्रीकरण करून बघा, स्वतःचा उशीर दिसतो.

सत्र तीन-चार मिनिटांचं, दिवसातून दोनदा. त्याहून जास्त नको. दोन मिनिटांत काहीच आवाज निघाला नाही तर एक साधी ‘बैस’ घेऊन खाऊ द्या आणि सोडून द्या. रिकाम्या हाताने संपलेली अडवणूक पुढच्या वेळेला उत्साह मारते. आणि सराव कुत्र्याच्या तोंडाला कान लावून करू नका, विशेषतः मुलांना जवळ बसवू नका. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात चार्ली नावाच्या गोल्डन रिट्रीव्हरचं एक भुंकणं ११३.१ डेसिबल मोजलं गेलं, तो विक्रम आहे. आपले कुत्रे तिथवर पोचत नाहीत, पण बंद खोलीत कानठळ्या बसतातच.

आता शब्द. चेंडू पाठीमागून पुढे आणला की दहापैकी आठ वेळा तो भुंकणार, अशी पैज तुम्ही लावू शकाल तेव्हाच शब्द आणायचा. क्रम असा: आधी ‘बोल’, मग अर्धा सेकंद शांतता, मग चेंडू दाखवण्याची नेहमीची हालचाल. नवी खूण आधी, जुनी नंतर. दोन्ही एकदम दिलीत तर कुत्रा हालचालच बघेल, शब्द त्याच्या कानांवरून जाईल. वीस-तीस फेऱ्यांनंतर तुमचा हात हलायच्या आतच तो भुंकेल. तेव्हा समजा की शब्द पोचला. ज्यांना हाताची खूण हवी त्यांनी त्याच जागी बोटांची चोच उघडल्यासारखी करावी. कुत्रे शब्दापेक्षा हात लवकर शिकतात, आणि ज्याचं ऐकणं वयामुळे कमी झालंय त्याच्यासाठी तर हातच बरा.

शब्द निवडताना एक गोष्ट आपल्या मराठी घरांत हमखास नडते. कुत्र्याला ‘बॉल’ माहीत असेल तर ‘बोल’ वापरू नका. तुम्हाला ते दोन शब्द वाटतात, त्याला नाही. एक साहेब ‘बोल’ म्हणायचे आणि त्यांचा कुत्रा इमानेइतबारे चेंडू शोधायला जायचा. अशा घरात ‘आवाज’ किंवा ‘भुंक’ चालतो. तसंच बसायला ‘बस’ म्हणत असाल तर भुंकणं थांबवायला ‘बस्स’ नको, कुत्रा बसून भुंकेल. आणि त्याचीही चूक नसेल. ‘गप’ आखूड आहे, वेगळा आहे. फक्त तो घरातल्या मुलांवरही दिवसातून पन्नास वेळा ओरडला जात असेल तर कुत्र्याच्या लेखी तो शब्द झिजलेला असतो. मग ‘शांत’ घ्या, हळू आवाजात.

‘गप’ शिकवायचं ते त्याच सत्रात, शब्द पक्का होताच. ‘बोल’ म्हणा, दोन-तीनदा भुंकू द्या, पण या वेळी ‘येस’ म्हणू नका. ‘गप’ म्हणा, एकदाच, बोलण्याच्या आवाजात, आणि खाऊची मूठ नाकापाशी न्या. हुंगता हुंगता भुंकणं जमत नाही, त्यामुळे तो थांबतोच. एक सेकंद शांतता, ‘येस’, खाऊ. मग दोन सेकंद. मग चार, पुन्हा दोन, मग सात. दर वेळी वाढवत नेऊ नका, मध्येच सोपं करा, नाहीतर त्याला वाटतं की काम कायम अवघडच होत जाणार. दोन-तीन दिवसांत मूठ नाकापाशी न्यायचं बंद करा, आधी शब्द आणि मग रिकामा हात, मग नुसता शब्द. ओरडून ‘गप’ म्हणणं म्हणजे गोंगाटात भर घालणं, त्यातून काही शिकलं जात नाही.

माझा हिशेब असा असतो: ‘बोल’ला साधा तुकडा, ‘गप’ला चांगला तुकडा. भुंकण्यात कुत्र्याला मुळातच मजा येते, त्याचा पगार त्याला आतूनच मिळतो. गप राहणं हे खरं कष्टाचं काम, तर मोबदला तिथे जास्त हवा.

आणि आता तो राहून जाणारा अर्धा भाग, ज्याने माझी झोप मोडली होती. न सांगता भुंकला तर काहीही द्यायचं नाही. खाऊ नाही, नजर नाही, ‘अगं बाई, शिकला की’ नाही, रागावणंही नाही, कारण लक्ष हेही देणंच आहे. कसोटी म्हणून चेंडू हातात घेऊन नुसते उभे राहा, दहा सेकंद, ‘बोल’ न म्हणता. भुंकला की चेंडू पाठीमागे, तुम्ही पाठमोरे. गप राहिला की ‘येस’ आणि चेंडू. या गप उभ्या राहण्याच्या फेऱ्या ‘बोल’च्या फेऱ्यांइतक्याच घ्या. शब्द त्याला खरोखर कळलाय हे ओळखायला चार गोष्टी बघतात: ‘बोल’ म्हटल्यावर भुंकतो, न म्हणता भुंकत नाही, दुसऱ्या हुकमाला भुंकत नाही आणि ‘बोल’ला भुंकण्याऐवजी दुसरं काही करत नाही. बहुतेक लोक पहिली झाली की पेढे वाटतात. घरच्यांची धास्ती दूर होते ती दुसरीने. घरात एकानेही ताटावरून भुंकल्यावर घास टाकला तर ही सगळी मेहनत पाण्यात. आजी-आजोबांशी आधी बोलून घ्या. कुत्र्यापेक्षा तेच शिकवायला अवघड.

खोलीत जमलं म्हणजे रस्त्यावर जमेल असं नाही. टेबलाची दोरी सोडून, मग दुसऱ्या खोलीत, मग दारात, मग दिवसा रस्त्यावर, मग रात्री. दर नव्या जागी पहिल्या दोन-तीन फेऱ्या जुनी चेंडूची हालचाल परत आणा, लाज वाटून घेऊ नका. तुमच्या कामाला एक-दोन भुंकणी पुरतात, तेव्हा ‘बोल’, एक भुंकणं, ‘येस’ एवढंच पक्कं करा. सलग भुंकणं हवं असतं ते शोध आणि बचाव पथकातल्या कुत्र्याला, ढिगाऱ्याखाली माणूस सापडला की हाताळणारा पोचेपर्यंत तो भुंकत राहतो. तिथेही सुरुवात अशाच हातभर पलीकडे धरलेल्या खेळण्याने होते.

भुंकून आकडे मोजणाऱ्या कुत्र्यांबद्दलही लोक विचारतात. दोन आणि तीन किती? कुत्रा पाचदा भुंकतो. तो मोजत नसतो, तुम्हाला बघत असतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणितं सोडवायचा. ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने १९०७ मध्ये दाखवून दिलं की प्रश्न विचारणाऱ्याच्या नकळत हलणाऱ्या मानेवरून घोडा थांबत होता. कुत्र्याला हे जाणूनबुजून शिकवता येतं: नजर त्याच्यावर असेतो भुंक, नजर खाली गेली की थांब. ‘गप’ पक्कं असेल तर आठवड्याचं काम.

‘भुंकणं हुकमावर आणलं की नको तेव्हाचं भुंकणं आपोआप कमी होतं’ असं पुष्कळजण सांगतात. माझा अनुभव निम्मा तसा आहे. कमी होतं ते ‘गप’च्या शेकडो फेऱ्यांमुळे. ‘बोल’मुळे फक्त हवा तेव्हा सराव करता येतो, बेल वाजायची वाट बघावी लागत नाही. पण मालक बाहेर गेल्यावर घाबरून भुंकणारा, कुंपणापाशी येणाऱ्या-जाणाऱ्यावर तुटून पडणारा, अशा कुत्र्यांना मी ‘बोल’ शिकवत नाही. तिथे दुखणं वेगळं आहे, त्याचं काम आधी. अचानक भुंकायला लागलेल्या किंवा आवाज बसलेल्या कुत्र्याला तर आधी पशुवैद्याकडे न्या.

आणि काही कुत्रे खरंच भुंकत नाहीत. बसेंजी जातीचा कुत्रा नेहमीसारखा भुंकतच नाही, वेगळीच गाण्यासारखी आरोळी देतो. ग्रेहाउंडही फारसे बोलत नाहीत. तुमचा लॅब्राडोर त्यांतला नाही, पण तीन आठवड्यांनीही गाडी ‘वुफ’च्या पुढे गेली नाही तर तो ‘वुफ’च पक्का करा. मिटल्या तोंडाने, छातीतून आलेला तीस किलोच्या कुत्र्याचा ‘वुफ’ अंधारात कसा ऐकू येतो, ते एकदा घरातले दिवे घालवून ऐका.